बिनकिल्लीच्या गाडीची किल्ली

चोराला आपली गाडी न्यायची तर गाडीपर्यंत यावं लागतं, पण किल्लीपर्यंत यावं लागत नाही, हे मला वरच्या मजल्यावरच्या क्लेमकाकांनी जिन्यात गाठून सांगितलं. तेव्हापासून मला जिन्याची भीती वाटते. क्लेमकाकांची आधीपासूनच वाटत होती.

क्लेमकाका विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचे. माणूस निवृत्त झाला, नजर काही झाली नाही. धडधाकट वस्तू त्यांना बघवत नाही. कुणी नवा सोफा घेतला की ते आधी मनातल्या मनात त्याला आग लावून पाहतात आणि मग म्हणतात, छान आहे. आमच्या गाडीकडे ते अशाच प्रेमळ नजरेनं पाहत होते. मग त्यांनी मला समजावलं, की ही बिनकिल्लीची गाडी म्हणतात ती खरी बिनकिल्लीची नसतेच. किल्ली असते, फक्त ती खिशातून काढावी लागत नाही. गाडी हाक मारते, किल्ली ओ देते, दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू. आता एक चोर तुमच्या दाराबाहेर एक पेटी घेऊन उभा राहतो आणि दुसरा खाली गाडीपाशी दुसरी पेटी घेऊन. पहिली पेटी घरातल्या किल्लीची ओ पकडते, दुसरी ती गाडीच्या कानात सांगते. गाडीला वाटतं, मालक आले.

“काच फुटत नाही, कुलूप तुटत नाही,” क्लेमकाका हळहळून म्हणाले. “पाहणीला जावं तर पाहायला काही नसतं. नुसती रिकामी फरशी.”

दुसरा एखादा माणूस हे ऐकून जेवला असता आणि झोपला असता. पण माझं पोट हिशेबतपासणीवर चालतं. गोदामात जायचं आणि कागदावर जे आहे ते जागेवर आहे का ते पाहायचं, हे माझं काम. या कामात माणसाला वाईट खोड लागते. वस्तू जागेवर नसली तर चोरी झाली हे कळतं; जागेवर असली तर अजून का झाली नाही, याची काळजी लागते.

त्यात गाडी माझी नव्हती. बाबांची होती.

बाबांनी उभं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलं. केसाच्या जाडीचा फरक बोटांनी सांगणारा माणूस. त्याच बोटांना संधिवातानं असं काही वाकवलं, की हल्ली चहाचा कपसुद्धा ते दोन्ही तळव्यांत पकडतात. मूठ वळते, पण चिमूट होत नाही. म्हणजे स्टिअरिंग धरता येतं, पण किल्ली फिरवता येत नाही. जुनी गाडी त्या एवढ्याशा फिरवण्यापायी दारात उभी राहून गेली. मग ही आली. किल्ली खिशात, दाराला मनगट लागलं की दार उघडणार, बोटाच्या सांध्यानं बटण दाबलं की सुरू. गाडी आली त्या दिवशी बाबा एकटे चक्कर मारून आले आणि कुणाला काही न सांगता दाढी करून बसले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पुलापलीकडे आत्याकडे जायचं, तिच्याशी पत्ते खेळायचे, भांडायचं आणि जेवायच्या आत परत यायचं, असा त्यांचा नेम झाला. आत्या त्यांची धाकटी बहीण. एकटी राहते, दम लागतो म्हणून फारशी बाहेर पडत नाही, आणि पत्त्यांत सरळसरळ लबाडी करते.

तर या गाडीचं रक्षण करायचं मी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मोठी संकटं बहुधा अशीच, कुणी न सांगता सुरू होतात.

पहिला सल्ला क्लेमकाकांचाच. किल्ली धातूच्या डब्यात ठेवा, म्हणजे तिची ओ बाहेर जाणार नाही. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, किल्ली त्यात ठेवली, झाकण दाबलं, डबा काखेत मारून खाली गेलो आणि दाराला हात लावला. दार उघडलं. मी चोर असतो तर गाडी गेली होती, या विचारानं मला तिथेच घाम फुटला. मग डब्यात डबा ठेवून पाहिला. मग किल्लीला चांदीच्या कागदात गुंडाळलं. मग कुकरमध्ये ठेवली. घरातली एकेक वस्तू काखेत मारून मी जिना उतरायचो आणि गाडीच्या दाराला हात लावायचो. समोरच्या इमारतीतल्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी राहू लागली. कुकर घेऊन उतरलो त्या दिवशी एका बाईंनी आपल्या नवऱ्याला हातातला चहा सोडायला लावून बाहेर बोलावल्याचं मी स्वतः पाहिलं.

शेवटी मायक्रोवेव्ह पसंतीला उतरला. तो काही काखेत मारून नेता येईना, म्हणून त्यात किल्ली ठेवली आणि खाली फोन लावून उभ्या केलेल्या बायकोला दार उघडून पाहायला सांगितलं. नाही उघडलं. मी इतका हरखलो, की ही व्यवस्था कायमची झाली हे त्याच बायकोला सांगायचं राहून गेलं.

माझी बायको औषधांच्या दुकानात असते. रोज शेकडो डबे उघडून आत काय आहे ते वाचणारी बाई. पण घरी आल्यावर दूध गरम करण्याआधी मायक्रोवेव्हमध्ये कोपऱ्यात काय आहे हे वाचण्याची तिला सवय नव्हती. आतून तडतड आवाज आला, निळसर उजेड पडला आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरभर झाला. दूध तेवढं छान तापलं होतं. बायकोनं ती काळी पडलेली वस्तू चिमट्यात धरून माझ्यासमोर आणली आणि शांतपणे विचारलं, की आता चोरांपासून वाचवायला उरलेली किल्ली कुठे ठेवणार आहात, ओव्हनमध्ये?

गाडीला किल्ल्या दोनच येतात. आता एक उरली.

नवीन किल्लीसाठी मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या बाई फार गोड बोलत होत्या, आणि माझा अनुभव आहे की गोड बोलणाऱ्या काउंटरवर काम होत नाही. त्या म्हणाल्या, किल्ली खराब झाली असेल तर खराब किल्ली जमा करा. मी केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, ही खराब नाही, ही जळालेली आहे. आमच्याकडे खराब आणि हरवलेली अशा दोनच नोंदी होतात. ही हरवली असं दाखवू या, फक्त पोलिसांचा दाखला आणा.

पोलीस चौकीतल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजायला हवं होतं. किल्ली कुठे हरवली, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलण्याची मला सवय नाही, म्हणजे तयारीशिवाय नाही. मी म्हणालो, हरवली नाही, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर आहे. मग दाखला कशाचा? मी म्हणालो, जळाली. साहेब सावरून बसले. कुणी जाळली? मी म्हणालो, बायकोनं. कधीपासून चाललंय हे, असं त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. बायकोविरुद्ध तक्रार द्यायची असेल तर लाजू नका, पुरुषसुद्धा येतात हल्ली, असा धीरही दिला. मी पाणी पिऊन निघालो.

नव्या किल्लीचा अर्ज तेवढा अडकून राहिला. आता सगळं त्या एका किल्लीवर होतं, आणि माझी भीतीसुद्धा दोन किल्ल्यांत वाटलेली होती ती एकीवर येऊन बसली. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या हातात मला पेटी दिसायला लागली. एक जण खरंच पेटी घेऊन दारापाशी घुटमळत होता. मी दाराच्या छिद्रातून त्याच्यावर डोळा ठेवला, श्वास धरला, आणि तो गेल्यावर दार उघडलं तर उंबऱ्यावर बायकोनं मागवलेल्या चपला. कपाळावर छिद्राची गोल खूण उमटलेली घेऊन मी त्या आत आणल्या.

मग मी गाडीला वेगळा अलार्म बसवून घेतला. तो मांजर बसलं की ओरडायचा, वारा सुटला की ओरडायचा, शेजारची गाडी सुरू झाली तर तिच्याशी बोलल्यासारखा ओरडायचा. चोर येऊन गेला असता तर त्याच्यावरही ओरडला असता, पण तोपर्यंत अलार्मकडे लक्ष देणारं इमारतीत कुणी उरलं नव्हतं. सोसायटीच्या चिटणिसांनी फळ्यावर माझं नाव न घेता माझ्याविषयी लिहिलं. अलार्मचा दुसरा तुकडा गाडीच्या आत होता. तो दार नीट न लागण्यापासून आरसा हलण्यापर्यंत कशाहीवर टूं टूं करायचा. बाबा सुरुवातीला गाडी थांबवून पाहायचे, मग नुसतं पाहायचे, मग पाहायचेही बंद झाले.

क्लेमकाका म्हणाले, आवाजानं काही होत नाही, लोखंड पाहिजे. म्हणून स्टिअरिंगवर आडवा घालायचा लोखंडी दांडा आणला. चांगला हातभर लांब, लालभडक, मधोमध कुलूप. चोराला लांबूनच दिसावा असा त्याचा रंग असतो. क्लेमकाका म्हणाले, टाकीत पेट्रोलही कमीच ठेवत जा. नेली तरी लांब जायची नाही. हेही मी केलं. आणि उरलेली किल्ली ठेवायला धातूचं अस्तर असलेली एक पिशवी मिळते ती आणली, तिला दोरी लावली आणि ती गळ्यात घातली. आंघोळीला जाताना तेवढी बायकोकडे द्यायचो, आणि आतून मधूनमधून विचारायचो, आहे ना.

आता त्या दांड्याचं कुलूप उघडायला एक बारीक किल्ली लागते. चिमटीत धरून फिरवावी लागते.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. आलं होतं. मी म्हटलं, त्यात काय, मी काढून देत जाईन. बाबांनी मला हाक मारायची, मी खाली यायचं, दांडा काढायचा, किल्ली त्यांच्या हवाली करायची, ते परत आले की किल्ली घ्यायची, दांडा घालायचा. कागदावर ही पद्धत निर्दोष होती. फक्त मी सकाळी कामावर असतो. म्हणजे रोजचं जाणं सुट्टीच्या दिवसावर आलं. सुट्टीच्या दिवशी मी जरा लोळतो, म्हणजे ते उन्हावर गेलं. ऊन लागतं म्हणून बाबाच मग एखाद्या दिवशी म्हणायचे, राहू दे.

माणूस ‘राहू दे’ म्हणतो तेव्हा खरं तर सगळ्यात जास्त आवाज होतो, पण त्यावर कुठलाही अलार्म वाजत नाही. आत्याचा फोन यायचा, दादा आला नाही. मी म्हणायचो, आत्या, हल्ली दिवस वाईट आहेत. ती म्हणायची, माझे तर फारच वाईट आहेत रे, एकटीनं पत्ते खेळायचे म्हणजे लबाडी कुणाशी करायची? बायको माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा मला तिचीही भीती वाटते.

बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. तिथून खालची गाडी दिसते. मी समजायचो, तेही लक्ष ठेवताहेत. मला बरं वाटायचं.

त्या सुट्टीच्या दिवशी बाबा लवकर तयार होऊन बसले होते. मी उतरलो, गळ्यातली पिशवी उघडून किल्ली हातात घेतली, गाडी उघडली, दांडा काढला. बाबा बसले, बटणावर बोटाचा सांधा ठेवला, गाडी सुरू झाली. तेवढ्यात माझा फोन वाजला. सर्व्हिस सेंटरच्या गोड बाई. त्यांच्याकडे ठेवलेली जळकी किल्ली सापडत नव्हती. म्हणजे आता ती खरोखरच हरवली होती आणि दाखल्याची अडचण सुटली, असं त्या आनंदानं सांगत होत्या. मी एका हातात फोन आणि काखेत दांडा धरून त्यांच्याशी हुज्जत घालत होतो. बाबांनी काच वर केली, मान हलवली आणि गाडी फाटकाबाहेर गेली. आत काहीतरी टूं टूं वाजत होतं. ते तर नेहमीच वाजायचं.

मी वर आलो. बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “किल्ली दिलीत ना बाबांना?”

दिली म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि हात छातीवर गेला. पिशवी बंद होती. पिशवी भरलेली होती. एवढ्या दिवसांत हाताला अशी सवय लागली होती, की त्यानं मला न विचारता किल्ली आत टाकून झाकण लावून टाकलं होतं.

या गाड्यांचं असं आहे, की सुरू होताना किल्ली जवळ लागते. एकदा सुरू झाली की किल्ली राहो न राहो, चालत राहते. ती भर रस्त्यात बंद पडू नये म्हणून केलेली सोय आहे ही. पण बंद केली की संपलं. पुन्हा सुरू होत नाही. सिग्नलला, वळणावर, पुलावर, जिथे बंद पडेल तिथे. आणि पूल अरुंद, कठड्याला चिकटून ट्रक जातात. टाकीत पेट्रोल नाही, कारण ते मीच ठेवलं नव्हतं. बाबांना फोन लावला तर तो फळीवर वाजला. गाडीत फोन वाजला की लक्ष जातं, म्हणून ते नेत नाहीत. सुरक्षेचे नियम पाळणारा आमच्या घरात एकच माणूस, आणि तो बिनकिल्लीचा पुलाकडे निघाला होता.

इतके दिवस मी ज्या भीतीला भीती समजत होतो ती नुसती करमणूक होती हे मला तेव्हा कळलं. चोर गाडी नेताना दिसायचा तेव्हा गाडी नेहमी रिकामी दिसायची. आता तिच्यात बाबा दिसत होते, पुलाच्या मधोमध, दोन्ही तळव्यांनी स्टिअरिंग धरून, मागून येणारा ट्रक आरशात मोठा होत चाललेला.

क्लेमकाका स्कूटर पुसत होते. मी मागे बसलो. त्यांनी आधी फडकं घडी करून ठेवलं, शिरस्त्राण घातलं, मला दुसरं दिलं, त्याचा पट्टा तपासला. मग आम्ही ज्या वेगानं निघालो त्या वेगानं दूधवाले सायकलवरून आमच्या पुढे गेले. वाटेत ते मला धीर देत होते. ज्येष्ठ चालक, पूल आणि इंधन संपणं या तिन्हींचं एक प्रकरण त्यांनी पाहिलेलं होतं. गाडीचं फार नुकसान नव्हतं. माणसाचं काय झालं, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, माणूस दुसऱ्या विभागाकडे असतो.

पुलावर गाडी नव्हती. कठडा सगळीकडे शाबूत होता. मी एकेक गज पाहत गेलो.

आत्याच्या घराला कुलूप. खालच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाई दारात मशीन टाकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मशीन थांबवलं आणि जराशा मागे सरकल्या. त्या म्हणाल्या, तुमचे वडील आले होते, पण गाडीतून उतरलेच नाहीत. हॉर्न वाजवत राहिले. मग आत्या गॅलरीत आल्या. गाडी बंद करता येत नाही, तूच खाली ये, असं वडिलांनी ओरडून सांगितलं. आणि आत्या, ज्या कधी जिना उतरत नाहीत, त्या हातात पत्ते घेऊन, कठड्याला धरत धरत उतरल्या आणि पुढे जाऊन बसल्या. कुठे गेले? बाई म्हणाल्या, ते काही नाही कळलं, पण दोघंही हसत होते. पेट्रोल पाहायला हवं, एवढं ऐकू आलं.

म्हणजे बाबांना कळलं होतं. गाडीतल्या पडद्यावरचं वाचलं असणार. किल्ली गाडीत नाही, हे वाचूनही त्यांनी घाबरण्याऐवजी बहीण उचलली होती.

पेट्रोल पंप तिथून फार लांब नाही. वळणावरूनच गाडी दिसली. पंपाच्या एका बाजूला, हवा भरतात तिथे, इंजिन सुरू ठेवून उभी होती. बाबा जागेवर, शेजारी आत्या, दोघांच्या मध्ये पत्त्यांचा डाव मांडलेला. मी स्कूटर थांबायच्या आत उतरलो, पडता पडता सावरलो आणि बाबा, बाबा, असं ओरडत धावत सुटलो.

पंपावरच्या दोन माणसांनी मला मधेच धरलं. एकानं दंड पकडला, दुसऱ्यानं हातातला दांडा. तो लाल लोखंडी दांडा मी घरापासून, स्कूटरवर, पुलावर, आत्याच्या दारात, हातात घेऊनच हिंडत होतो. शिवणकामवाल्या बाई का मागे सरकल्या ते मला तेव्हा समजलं. डोक्यावर शिरस्त्राण, हातात दांडा, आणि मी दोन म्हाताऱ्या माणसांच्या सुरू गाडीवर धावून जात होतो. भरदिवसा गाडी पळवणारा म्हणून ज्याला शोधत मी इतके दिवस छिद्राला डोळा लावून बसलो, तो एकदाचा सापडला होता.

मी म्हणालो, ते माझे वडील आहेत. दंड धरणारा पंपवाला म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मी म्हणालो, गाडी आमची आहे. त्यानं विचारलं, मग किल्ली कुठाय? मी गळ्यातली पिशवी दाखवली. गाडी तिकडे सुरू आणि किल्ली इकडे माझ्या गळ्यात, यानं माझी बाजू बळकट होण्याऐवजी गर्दी वाढली. क्लेमकाका जरा लांब उभे राहून एकूण दृश्याची पाहणी करत होते.

शेवटी पंपवाला खिडकीशी गेला. “काका, ओळखता का ह्या माणसाला?”

बाबांनी हातातले पत्ते खाली ठेवले. माझ्याकडे नीट पाहिलं. वेळ घेऊन पाहिलं. आत्या खिडकीबाहेर तोंड करून बसली, तिचे खांदे हलत होते.

“ओळखतो,” बाबा म्हणाले. “रोज माझी गाडी अडवतो तो हाच.”

मला सोडलं. दांडा मात्र त्या माणसानं आपल्याकडेच ठेवला. मी खिडकीला धरून उभा राहिलो आणि माझ्या तोंडाला जे फुटलं ते आता आठवत नाही. पूल, ट्रक, फोन का नेत नाही, काही झालं असतं म्हणजे, उतरून कुणाच्या तरी फोनवरून कळवायचं नाही का, आणि आत्याला कशाला घेतलंत, तिला दम लागतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की पेट्रोल भरायला इंजिन बंद करावं लागतं, आणि बंद केलं तर सुरू होणार नाही. पंपवाल्याचा नियम बरोबर आहे, म्हणून बाजूला थांबलो. तू येशील हे ठाऊक होतं. गळ्यात घेऊनच येशील हेही.

मग मी आवाज खाली आणून म्हणालो, “बाबा, हे सगळं मी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून केलं.”

“चोरानं नेली तर विमा भरून देईल,” बाबा म्हणाले. “तू नेलीस. ती मी कुठून भरून घेऊ?”

आत्या आता हसत नव्हती. क्लेमकाका जवळ आले होते. असं प्रकरण त्यांच्याकडे कधी आलं नसावं.

बाबांनी तळहात पुढे केला. वाकडी बोटं, मध्ये खोलगट जागा. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही माझ्या मनात आलं, की ही शेवटची किल्ली. ही बाबांच्या खिशात गेली म्हणजे फळीवर जाणार, दाराजवळच्या फळीवर, भिंतीपलीकडे जिना, जिन्यात पेटी. सगळं एका झपाट्यात दिसलं. इंजिन चालू होतं, पडद्यावर पेट्रोलचा लाल दिवा लुकलुकत होता, आणि तळहात तसाच पुढे होता.

मी दोरी डोक्यावरून काढायला गेलो तर ती शिरस्त्राणात अडकली. आत्यानं आतून हात काढून पट्टा सोडवला. पिशवीचं झाकण बाबांच्यानं निघणार नाही म्हणून मी ते काढलं, किल्ली बाहेर घेतली आणि तळहातावर ठेवली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात सोडली. मग गाडी पुढे घेऊन पंपाशी उभी केली आणि बोटाच्या सांध्यानं बटण दाबलं. इंजिन बंद झालं. इतक्या वेळानं ते बंद झाल्यावर पंपावर केवढी शांतता झाली. टाकी काठोकाठ भरून झाली, बाबांनी पुन्हा बटण दाबलं, गाडी सुरू झाली.

“मागे बस,” ते मला म्हणाले.

मी मागे बसलो. पुढे त्या दोघांचं कोणी कधी कुठलं पान लपवलं यावरून सुरू झालं होतं. कुणी मागे वळून पाहिलं नाही. गाडी आत्याच्या घरापुढे आली. भर रस्त्यावर, उघड्यावर, कुणीही यावं आणि कुणीही न्यावं अशा जागी बाबांनी ती उभी केली. पेटी घेऊन येणाऱ्याला तर अगदी सोयीची. ते उतरले, मागोमाग मीही उतरलो, त्यांनी आत्याला हात दिला आणि दोघं जिन्याकडे निघाले. ते चार पावलं गेले तशी गाडीनं आपणहून कुलूप लावून घेतलं, आरसे मिटून घेतले.

मला भीती वाटत होती. ती काही गेली नव्हती. बाबांची पाठ जिन्यात दिसेनाशी होईपर्यंत मी थांबलो, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच दाराला हात लावला.

उघडलं नाही. मी ओढून पाहिलं, पलीकडच्या बाजूनं जाऊन तिकडचंही ओढून पाहिलं. शिवणकामवाल्या बाई मशीन थांबवून माझ्याकडे बघत होत्या. गाडी चांगली सुरक्षित होती. निदान माझ्यापासून.